लायल व्हीनस्ट्राची मनातली विनंती

१९९८च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीतल्या चर्चांमधून एक बातमी फिरत होती. ती सांगणारा प्रत्येक जण फोन ठेवण्याआधी म्हणायचा, "हे आपल्यातच हं, फक्त प्रार्थनेसाठी." बातमी अशी, की सेव्हन डिप्स या बँडमधला ट्रॉम्बोनवाला लायल व्हीनस्ट्रा एका लग्न झालेल्या बाईच्या नादी लागला आहे. बाई योर्बा लिंडा गावची. तिच्या घरामागे काजूच्या आकाराचा तरणतलाव, आणि लायल दर मंगळवारी तो साफ करायला जायचा. एक तलाव साफ करायला पाऊण तास पुरतो. लायलला म्हणे अडीच तास लागत. काहींच्या मते बाया दोन होत्या. एका वयस्क गृहस्थांचं म्हणणं पडलं, की बाईबिई काही नाही, पोरगा दारू पितो. पण त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. दारूत ऐकण्यासारखं असतंच काय?

पुरावा मात्र सहाशे लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. फुलर्टनच्या चर्चच्या सभागृहात, भर कार्यक्रमात, लायलने ट्रॉम्बोन ओठांना लावला, खाली घेतला, व्यासपीठावर आडवा ठेवला आणि मागच्या दाराने चालता झाला. ज्याचं मन स्वच्छ आहे असा माणूस असं करतो का?

लायल सहा फूट चार इंच उंच होता आणि आपण आहोत त्याहून कमी उंच आहोत अशा बेताने वाकून चालायचा. त्याचे आजोबा हॉलंडहून आलेले. आर्टेशियाला त्यांच्या ऐंशी गाई होत्या. पुढे जमिनी विकल्या गेल्या, गाईंच्या जागी घरं आली, घरांमागे तलाव आले. आजोबा जिथे गाई धूत, तिथेच बाप तलाव धुवू लागला आणि बापामागे लायल. लांब दांड्याची जाळी, ब्रश, क्लोरिनच्या बादल्या आणि एक पांढरी पिकअप गाडी, एवढा त्याचा संसार.

शाळेच्या बँडमध्ये मास्तरांनी त्याला ट्रॉम्बोन दिला तो हात लांब आहेत म्हणून. ट्रॉम्बोनची पितळी नळी पुढे सारायला लांब हात लागतात. पोरगा तो जीव लावून शिकला. पण ट्रॉम्बोनचं एक असतं. शाळा संपली की तो कशालाच उपयोगी पडत नाही. चर्चमध्ये गिटारी लागत, पेटी लागे. ट्रॉम्बोनला कोणी विचारत नसे. आमच्या काउंटीत दर जूनमध्ये शे-दोनशे ट्रॉम्बोनवाले शाळेतून बाहेर पडत आणि ती वाद्यं पलंगाखाली जात. लायलचं चार वर्षं पलंगाखाली होतं.

ते बाहेर काढलं क्लेटन रूडने. क्लेटन हार्डवेअरच्या दुकानात रंग कालवून द्यायचा, पण बोलायला लागला की वाटे, हा रंग विकत नाही, बाप्तिस्मा देतो आहे. लिव्हिंग ब्रूक चर्चमधला आमचा तो गाता गळा. जमैकातून निघालेला, इंग्लंडला वळसा घालून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागलेला स्का नावाचा ठेका त्याच्या डोक्यात बसला होता. ठोका पडतो तिथे गिटार गप्प राहते आणि गप्प राहायचं तिथे च्यँक च्यँक करते, वर पितळी वाद्यांचा गलबला, आणि खाली पोरं गुडघे-कोपरं उडवत जागच्या जागी पळतात. काही धाडसी चर्चांमधल्या पोरांनी आठ-दहा वर्षांपूर्वी त्यावर ख्रिस्ताचे शब्द बसवून पाहिले होते. क्लेटनला वाटलं, आता आपली पाळी.

चर्चच्या वडीलमंडळासमोर त्याला उभं केलं गेलं. मंडळातले एक वडील म्हणाले, "ठेका उलटा का आहे?"

"जग सरळ चाललंय का?" क्लेटन म्हणाला.

"जगाचं राहू दे. नाचणार का पोरं?"

"नाचणार नाहीत. उड्या मारणार."

"दावीद राजाही देवापुढे उड्या मारत होता," कोणीतरी मागून म्हणालं, आणि ठराव मंजूर झाला.

बँडला नाव दिलं सेव्हन डिप्स. बायबलमधला कोड फुटलेला सेनापती नामान यार्देन नदीत सात वेळा बुचकळला आणि त्याची कातडी लहान मुलासारखी झाली, त्या सात बुचकळ्या. क्लेटनचा नियम होता: माणसं सातच. सहा नाहीत, आठ नाहीत. काळ्या-पांढऱ्या चौकडीच्या बारीक टाय, छोट्या काठाच्या हॅटी. लायलला हॅट लहान पडायची, ती त्याच्या डोक्यावर झाकणासारखी बसायची. पण त्या हॅटीखाली, एकवीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा, तो ताठ उभा राहिला. ट्रॉम्बोन घेऊन वाकता येत नाही.

दोन वर्षांत सगळं पेटलं. ९६ साली अशी अवस्था झाली, की ज्या चर्चकडे स्का बँड नाही ते चर्च मागासलेलं. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानात भिंतीवर तक्ता लागे: डाव्या बाजूला जगातला बँड, उजव्या बाजूला त्याऐवजी ऐकायचा आपला बँड. डावीकडे एकाच नावासमोर उजवीकडे पाच-पाच नावं, त्यात तिसरं सेव्हन डिप्सचं. लायल तो तक्ता बघायला मुद्दाम वाट वाकडी करून जायचा आणि काही विकत न घेता परत यायचा. कार्यक्रम संपला की उंच उंच पोरं त्याच्याभोवती जमत. "ब्रदर लायल, कधी बदलीला माणूस लागला तर माझं नाव लक्षात ठेवा हं." ती सगळी ट्रॉम्बोनवाली. पलंगाखालून निघालेली.

१२ एप्रिल १९९७ला रिव्हरसाइडच्या एका चर्चच्या व्यायामशाळेत कार्यक्रम होता. तरुणांचे पास्टर ड्वेन कूयमन यांचं वजन एकशे दहा किलो आणि उत्साह त्याहून जड. शेवटच्या गाण्याला ते व्यासपीठावर चढले आणि पोरांना कसं नाचायचं ते दाखवू लागले. गुडघा उजवा, कोपर डावं. डावं कोपर लायलच्या ट्रॉम्बोनच्या नळीला लागलं आणि पितळी मुखणी त्याच्या वरच्या ओठावर आदळली.

रक्त आलं. लायलने ते चौकडीच्या टायने पुसलं. "काही नाही, पास्टर," तो म्हणाला.

"प्रभूसाठी सांडलेलं रक्त," ड्वेन हसत म्हणाले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

ओठ पंधरा दिवसांत बरा दिसू लागला. वाजवायला घेतलं तेव्हा कळलं. ट्रॉम्बोन ओठांनी वाजतो. ओठ थरथरवायचा, पितळ तेवढं तो आवाज मोठा करतं. लायलचा ओठ थरथरतच नव्हता. फुस्स. तो टस्टिनला डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने ओठ उलटा करून पाहिला आणि सांगितलं, की आतला स्नायू फाटून वेडावाकडा जुळला आहे. पुन्हा कापून शिवता येईल, मग सहा महिने ओठाला काही टेकवायचं नाही, आणि इतकं करूनही पूर्वीसारखा होईलच असं नाही.

"जेवता येतं ना?" डॉक्टर म्हणाला.

"येतं."

"बोलता येतं. काम काय करता आपण?"

"तरणतलाव साफ करतो."

"मग अडचण काय आहे?" डॉक्टरने विचारलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सहा महिने म्हणजे सातांतला एक कमी, आणि रांगेत उभी असलेली ती उंच पोरं. त्याला जागा सोडायची नव्हती. त्या हॅटीखालची तेवढी एक जागा सोडली, तर जगात लायल व्हीनस्ट्राला उभं राहायला दुसरी नव्हती. पुढच्या शनिवारी कोस्टा मेसाला कार्यक्रम होता. तो गेला. ट्रॉम्बोन तोंडाला लावला, गाल फुगवले, नळी मागेपुढे केली, अगदी तालात, आणि एकही सूर काढला नाही. एका बाजूला रे ऑर्नेलसचा ट्रम्पेट कानठळ्या बसवत होता, दुसऱ्या बाजूला सॅक्सोफोन. समोर पाचशे पोरं किंचाळत होती. कार्यक्रमानंतर आवाजाचं यंत्र सांभाळणारा माणूस तारा गुंडाळत त्याच्याकडे आला.

"ब्रदर, काय बदल केलास?" तो म्हणाला. "आज ट्रॉम्बोन फार स्वच्छ बसला."

लायलला त्या क्षणी हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दर बुधवारी संध्याकाळी बँडची प्रार्थना असायची, चर्चच्या मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्यांवर गोल करून. एकेक जण विनंती सांगे. कोणाच्या आजीचा खुबा, कोणाची परीक्षा, कोणाच्या गाडीचा गिअर. आणि जे सांगण्यासारखं नसे त्यासाठी आमच्याकडे एक सोय आहे: हात वर करायचा आणि म्हणायचं, "माझी एक मनातली." मग कोणी विचारायचं नाही, सगळ्यांनी डोळे मिटून देवाला म्हणायचं, "प्रभू, तुला ठाऊक आहे." देवाला ठाऊक असतं हे खरंच. पण खोलीतल्या बाकीच्यांना ठाऊक नसतं, आणि ते त्यांना फार जड जातं.

लायलने एप्रिलच्या शेवटच्या बुधवारी हात वर केला. "माझी एक मनातली." मेमध्ये पुन्हा, जूनमध्ये पुन्हा. आंधळे, लंगडे, कोडी, सगळे बरे झाल्याचं त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. एक ओठ मागत होता तो. एवढा मोठा देव, एवढासा स्नायू. ओठ दुखतो म्हणून मोठ्याने मागितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी क्लेटनने बर्फाची पिशवी आणली असती आणि तिसऱ्या दिवशी बदलीचा माणूस.

लायलला वाटायचं, मनातली विनंती मनातच राहते. वयाच्या चोविसाव्या वर्षी, जन्मापासून चर्चमध्ये वाढलेल्या माणसाने असं समजावं, हे जरा जास्तच झालं.

आमच्या चर्चची फोनवरची प्रार्थना-साखळी डोरिन टेन काटे चालवायच्या. नवरा वारलेला, गुडघे गेलेले, पण फोनचं बोट शाबूत. एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, अशा बत्तीस बाया. चहाड्या करायला आमच्यात सक्त मनाई आहे. प्रार्थना करायला नाही. आणि नेमकी प्रार्थना करायची, तर नेमकं माहीत नको का?

"व्हीनस्ट्रांच्या लायलची सहावी मनातली झाली," डोरिन फोनवर म्हणत. "सहावी. माझ्या मेव्हण्याच्या चार झाल्या होत्या, आणि त्याचं काय निघालं ते तुला माहीत आहे."

रे ऑर्नेलस लायलचा जाब-जोडीदार होता. तीही आमच्याकडची पद्धत: दोन बंधूंनी दर आठवड्याला भेटायचं आणि एकमेकांना पापांचा जाब विचारायचा. दोघं शनिवारी सकाळी प्लासेंशियाच्या डोनटच्या दुकानात बसत. रे ट्रम्पेट वाजवायचा आणि ट्रम्पेटवाल्यासारखाच बोलायचा, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा.

"बाई आहे का?"

"नाही."

"तसली मासिकं?"

"नाही रे. हळू बोल."

"बियर? बघ, मी कोणाला सांगणार नाही."

"बियरही नाही."

रेने डोनट खाली ठेवला. बोटांची साखर पँटला पुसली. "लायल, गड्या, मी काही काल बाप्तिस्मा घेतलेला नाही. गुडघा दुखत असता तर तू गुडघा म्हणाला असतास. गुडघा आपण मोठ्याने सांगतो. मनातली म्हणजे काय ते मलाही कळतं."

लायलने कॉफीकडे पाहिलं. सांगून टाकावं असं त्याला वाटलं. माणूस चांगला होता, तीन वर्षं खांद्याला खांदा लावून उभा होता. त्याने तोंड उघडलंच होतं.

"एक मात्र आहे हं," रे म्हणाला. "पाप असो काय असो, हल्ली तू वाजवतोस झकास. आधी तुझा आवाज माझ्या आड यायचा. आता कसं, जागेवर असतो."

लायलने तोंड मिटलं. नंतर उघडून त्यात डोनटचा तुकडा टाकला.

असे महिने गेले. ९७चा उन्हाळा, मग ९८चा. अॅरिझोना, टेक्सास, इलिनॉयच्या मक्याच्या शेतातला ख्रिस्ती बँडांचा मोठा मेळावा. गाडीला मागे जोडलेल्या डब्यात वाद्यं, पुढे सात जण आणि बरिटोंचा वास. सगळीकडे लायल गाल फुगवून उभा. रोज पहाटे तलावाच्या पंपाच्या खोलीत तो मुखणी ओठांना लावून बघे. हवा यायची. सगळ्यात वाईट एवढंच होतं, की बँड उत्तरोत्तर चांगला वाजत होता.

८ ऑक्टोबरला क्लेटनने सगळ्यांना पिझ्झाच्या दुकानात बोलावलं. नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याचं म्हणणं, स्काचं काम संपलं. डिसेंबरनंतर पितळी वाद्यं असलेली कॅसेट दुकानदार मागच्या फळीवर ठेवणार. आता लोकांना संथ हवं होतं, डोळे मिटून हात वर करता येतील असं.

"प्रभू आपल्याला नव्या ऋतूत नेतो आहे," क्लेटन म्हणाला.

"आपल्याला म्हणजे किती जणांना?" सॅक्सोफोनवाल्याने विचारलं.

"चौघांना."

कोणी पिझ्झाला हात लावला नाही. मग रेने लावला.

"आणि सातचा नियम?" लायलने विचारलं. त्या बैठकीत तो एवढंच बोलला.

"ब्रदर, नियम प्रेमाचा," क्लेटन म्हणाला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "म्हणूनच तुम्हा तिघांना असंच जाऊ देणार नाही. फुलर्टनला निरोपाचा कार्यक्रम करू. तिघांनी एकेकट्याने वाजवायचं. बाकी सगळे गप्प. सहाशे माणसं फक्त तुम्हाला ऐकतील."

रे आणि सॅक्सोफोनवाला खूश झाले. लायलचा रंग गेला तो सगळ्यांनी पाहिला. डोरिनच्या साखळीत त्या रात्री त्याचीही नोंद झाली.

त्याच्यापुढे पाच आठवडे होते. जागा तर गेलीच होती. आता त्याला इतकंच हवं होतं, की गेलेल्या जागेवर एकदा खरंखुरं उभं राहावं. चार ओळींचा सूर, मिनिटभराचा. त्याने उपास केला. पंपाच्या खोलीत गुडघे टेकले. एकदा रात्री डोक्यावर तेल ओतून घेतलं, पवित्र शास्त्रात लिहिल्याप्रमाणे. घरात तेल होतं ते शेंगदाण्याचं. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी, अॅनाहाइम हिल्समधल्या एका तलावाशी, सकाळी सातला ट्रॉम्बोन वाजला. खालचा, जाड, एकच सूर, दोन सेकंद. पाण्यावरून पलीकडे गेला. शेजारचं कुत्रं भुंकलं. लायल क्लोरिनच्या बादलीवर बसला आणि रडला. पुढचे बारा दिवस तो सूर पुन्हा आला नाही, पण आलेला सूर माणसाला किती दिवस पुरतो हे ज्याला आलाय त्यालाच विचारावं.

फुलर्टनला रेने वाजवलं, छत हललं. सॅक्सोफोनवाल्याने वाजवलं, बाया रडल्या. मग क्लेटनने हात वर करून सभागृह शांत केलं, अगदी शांत. लायल पुढे आला. ट्रॉम्बोन उचलला, डोळे मिटले आणि श्वास सोडला.

पहिल्या रांगेतल्यांना फुस्स ऐकू आलं. मागच्यांना तेही नाही. त्याने पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा. तिसऱ्यांदा त्याने फुंकलंच नाही. ट्रॉम्बोन खाली ठेवला, जपून, झोपलेलं मूल ठेवावं तसा, आणि मागच्या दाराने गेला.

क्लेटन क्षणभर गोंधळला, पण तो क्लेटन होता. "पाहिलंत?" तो माइकमध्ये हलक्या आवाजात म्हणाला. "आत्मा आपल्या भावाचं हृदय ढवळतो आहे. पाप मनात असताना स्तुती ओठांवर येत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या मनात काय आहे?" एकेचाळीस जण पुढे आले, गुडघे टेकून रडले. सेव्हन डिप्सच्या इतिहासात एका दिवसात इतके कधी आले नव्हते.

लायल तेव्हा गाडीत बसला होता. आतलं गाणं त्याला ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत बत्तीस फोन झाले. एक बाई म्हणाली बाई असावी, दुसरी म्हणाली योर्बा लिंडाकडे जातो म्हणे, तिसरीला मंगळवार माहीत होता. काजूच्या आकाराचा तलाव कोणी घातला ते आजवर कळलेलं नाही. महिनाभरात चर्चमधले अकरा नवरे आपापले तलाव स्वतःच घासू लागले. लायलची निम्मी कामं गेली. लग्न ठरता ठरता राहिलं ते दोनदा.

त्याने सांगितलं नाही असं नाही. पहिल्यांदा रेला सांगितलं, त्याच डोनटच्या दुकानात.

"ओठ?" रे म्हणाला.

"ओठ. ड्वेनच्या कोपरानं. एकोणीस महिने मी बँडमध्ये एक सूर वाजवलेला नाही."

रे टेबलावरून पुढे वाकला. पहिल्यांदाच हळू बोलला. "मी तुझ्या शेजारी उभा होतो, लायल. हाताच्या अंतरावर. तू वाजवत नसतास तर मला कळलं नसतं?"

"नाही कळलं."

"चल," रे म्हणाला. "तयार होशील तेव्हा सांग. मी आहे." बुधवारी त्याने स्वतःच हात वर करून विनंती केली, की ब्रदर लायल अजून उघड व्हायला तयार नाही.

लायलने क्लेटनला पत्र लिहिलं. क्लेटनचं प्रेमळ उत्तर आलं, शास्त्रातली चार वचनं घालून, चारही ओठांबद्दलची. माणूस ओठांनीच पाप करतो, असा त्याचा भाव. तिसऱ्यांदा सांगायचं लायलने सोडून दिलं. तो गार्डन ग्रोव्हमधल्या एका कोरियन चर्चच्या इंग्रजी सभेला जाऊ लागला, मागच्या बाकावर. तिथे त्याला कोणी काही विचारत नसे.

स्का गेला तसा गेलाच. दोन हजार सालानंतर आमच्या काउंटीतल्या जुन्या सामानाच्या दुकानांत ट्रॉम्बोन छत्र्यांच्या शेजारी उभे दिसत. ज्या बँडांनी पितळ टाकलं ते स्तुतिगीतं गाऊन मोठे झाले किंवा मिटले. क्लेटन मुरियेटाच्या एका मोठ्या चर्चात संगीताचा पास्टर झाला. रे विमा विकू लागला. लायल तलाव घाशीत राहिला. कंबर वाकली ती यावेळी खरीच.

मग २०१७ला सगळ्यांना आठवणींचा उमाळा आला. पहिल्या कॅसेटला वीस वर्षं होऊन गेली होती. त्या वेळी उड्या मारणारी पोरं आता चाळिशीची, पोटं सुटलेली, त्यांनाच पुन्हा उड्या मारायच्या होत्या. क्लेटनचा फोन आला.

"लायल, भावा. तुझ्याशिवाय कसं होईल? तुझी साक्ष हवी."

"कसली साक्ष?"

"पडलास आणि उठलास त्याची. नावं घेऊ नकोस. बाईचं नाव तर मुळीच नको. फक्त सांग, की देवाने क्षमा केली. आणि मग शेवटच्या गाण्याला वर ये. सात हवेत."

"क्लेटन, मला वाजवता येत नाही."

"अरे, कोण ऐकतंय? पितळ सगळं रेकॉर्डवर आहे. तू नुसता उभा राहा."

"साक्ष नाही दिली तर?"

पलीकडे क्लेटनने घसा खाकरला. "मग लोकांना प्रश्न पडेल ना, की हा वर कसा."

लायल दोन आठवडे विचार करत होता. मग त्याने पलंगाखालून, हो, पुन्हा तिथूनच, हॅट काढली. ती अजून लहानच होती.

अॅनाहाइमच्या सभागृहात आठशे माणसं होती. डोरिन टेन काटे अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, चाकाच्या खुर्चीत, पहिल्या रांगेत. लायल माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "एक बाई होती."

कोणीतरी सुस्कारा सोडला. सुटकेचा.

"योर्बा लिंडाची," लायल म्हणाला. "विवाहित होती. मी मंगळवारी जायचो." त्याला पुढचं सुचेना, पण गरज पडली नाही. लोक रडत होते. क्लेटनने त्याला मिठी मारली. रेने मारली. वीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांनी त्याच्यावर एकमताने विश्वास ठेवला. तो व्यासपीठावरून उतरला तेव्हा डोरिननी त्याला हात धरून खाली ओढलं आणि कानात म्हणाल्या, "बाळा, मला ठाऊक होतं. सगळ्यांच्या आधी मला ठाऊक होतं."

"हो, मावशी," तो म्हणाला.

शेवटच्या गाण्याला सात जण उभे राहिले. लायलच्या हातात कोणाचा तरी ट्रॉम्बोन दिला होता. त्याने तो ओठांना लावला, गाल फुगवले, नळी मागेपुढे केली, तालात. रेकॉर्डवरचं पितळ छान वाजलं. गाणं संपल्यावर त्याने ट्रॉम्बोन परत केला, गाडी काढली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

बाई नव्हती. योर्बा लिंडात लायलची तीन गिऱ्हाइकं होती: एक दातांचा डॉक्टर, एक निवृत्त जोडपं आणि एक बालवाडी. १२ एप्रिल १९९७ला ड्वेन कूयमन यांचं कोपर लागून त्याच्या वरच्या ओठातला स्नायू फाटला. त्यानंतर त्याला ट्रॉम्बोन वाजवता आला नाही, आणि बँडमधल्या कोणाच्या ते लक्षात आलं नाही.